धावपट्टीखालची जमीन कोणाच्या नावावर होती?



गेल्या काही दिवसांत आपल्या गटांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आला. कोणी विचारलं, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला म्हणतात, मुंबईत एक असताना दुसरा कशाला? कोणी विचारलं, त्या जागेवर आधी काय होतं? आणि एका गटाने तर सरळच विचारलं, उद्या आपल्याकडे असं काही आलं तर आपण बायांनी काय करायचं? म्हणून आज विमानाबद्दल थोडं आणि विमानाखालच्या जमिनीबद्दल जास्त बोलू या.

आधी जुना विमानतळ. तो मुंबईत सांताक्रूझ-सहारला, शहराच्या अगदी पोटात. चारी बाजूंनी इमारती आणि वस्त्या, वाढायला जागाच नाही. २०२४-२५ या वर्षात तिथून सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांनी ये-जा केली. धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान धावत असेल तर दुसरीवर सोडता येत नाही. नावाला दोन, कामाला एक. गर्दीच्या दिवशी तिथे हजारभर विमानं उतरतात आणि उडतात, म्हणजे साधारण दीड मिनिटाला एक. आपल्या एसटी स्टँडवर दिवसरात्र दीड मिनिटाला एक गाडी येते-जाते आणि फाटक एकच आहे, अशी कल्पना करा. मग एक गाडी उशिरा आली की तिच्यामागच्या सगळ्या खोळंबतात. तेव्हा दुसऱ्या विमानतळाची गरज खोटी नव्हती, हे आधीच सांगून टाकते.

दुसरी जागा ठरली ती पनवेल आणि उलव्याच्या मधली, रायगड जिल्ह्यात. केंद्र सरकारची तत्त्वतः मंजुरी २००७ साली मिळाली. पर्यावरणाची परवानगी नोव्हेंबर २०१० मध्ये, पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. तारखा लक्षात ठेवायची गरज नाही, पण मधली वर्षं मोजा. २००७ साली पहिलीत बसलेली मुलगी विमान उडेपर्यंत चोवीस वर्षांची झाली. ज्या गावावर असा प्रकल्प येणार असतो, त्या गावाचं निम्मं आयुष्य या मधल्या काळात जातं. घराची डागडुजी करायची की कशाला खर्च करायचा? विहीर खणायची का? त्या गावात मुलगी द्यायची का? प्रकल्प कागदावर असतो, गाव मात्र त्याच दिवसापासून थांबतं.

आता एवढी जमीन कशाला लागते ते पाहू. नवी मुंबईच्या विमानतळाची जागा सुमारे ११६० हेक्टर आहे, म्हणजे अठ्ठावीसशे एकरांहून जास्त. इथली एक धावपट्टी ३७०० मीटर लांब आहे. डोक्यावर पाटी घेऊन चालायला लागलात तर या टोकापासून त्या टोकाला जायला पाऊण तास तरी लागेल. विमान माणसं, सामान आणि लांबच्या प्रवासाचं इंधन घेऊन निघतं तेव्हा ते फार जड असतं. ते जमीन सोडण्याइतका वेग पकडेपर्यंत एवढं अंतर धावावं लागतं. अशा दोन धावपट्ट्या शेजारी शेजारी ठेवायच्या ठरल्या, पुरेसं अंतर राखून, म्हणजे एकीचं विमान दुसरीला आडवं येणार नाही. सध्या एक चालू आहे. वर्षाला दोन कोटी प्रवासी सामावतील एवढी आजची सोय आहे, आणि पुढे सगळं पूर्ण झाल्यावर नऊ कोटींची.

पण नुसत्या जमिनीवर भागत नाही, आकाशही मोकळं लागतं. विमान घारीसारखं झडप घालून उतरत नाही. ते हळूहळू, तिरकं खाली येतं. शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये ते साधारण एक किलोमीटर उंची उतरतं. त्या वाटेत डोंगर चालत नाही. उलव्याचा डोंगर नव्वद मीटरच्या आसपास उंच होता, तीस मजली इमारतीएवढा. तो वर्षानुवर्षं सुरुंग लावून फोडला. त्याचा दगड शेजारच्या खोलगट खारजमिनीत भरला आणि जमीन कित्येक मीटर वर उचलली. उलवे नदीचा प्रवाह वळवला. खाडीकाठची तिवरं तोडली. डोंगर खाली आला, खाडी वर आली, आणि दोन्ही एका पातळीला आणून त्यावर विमानतळ बसवला. इंजिनिअरांच्या दृष्टीने हे मोठंच काम आहे, त्यात शंका नाही.

पण भराव घातला की पावसाचं पाणी जायचं कुठे? पाणी आपली जुनी वाट शोधतं आणि ती सापडली नाही की शेजाऱ्याच्या घरात शिरतं. भरावाला लागून असलेल्या डुंगी गावात तसंच झालं. ते गाव उठवायच्या यादीत नव्हतं. तिथल्या लोकांना मग आमचंही पुनर्वसन करा म्हणून भांडावं लागलं. प्रकल्पाच्या नकाशावरची रेघ गावाच्या बाहेरून गेली म्हणून सुटका झाली असं समजू नये, एवढं यावरून कळतं.

विमानतळासाठी दहा वस्त्या उठल्या. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे, उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे ही त्यातली काही नावं. तीन हजारांहून जास्त कुटुंबं. घरांबरोबर देवळं आणि शाळाही हलल्या. लोक वडघर, वहाळ अशा नव्या वसाहतींमध्ये गेले.

हा आगरी-कोळी लोकांचा मुलूख. इथे पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात मिठागर आणि बारा महिने खाडी. भाताची लावणी बायांनीच करायची, मिठागरावर मजुरीलाही त्याच. आणि ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात उतरून चिंबोऱ्या, निवट्या, कोलंबी, कालवं गोळा करून बाजारात बसायचं. घरच्या आमटीची सोय तिथून आणि हातखर्चाचे रोख पैसेही तिथूनच. हे पैसे कोणाला मागावे लागत नसत, हे तुम्हा बाजारात बसणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको.

आता मोबदला ठरवायला अधिकारी येतो तेव्हा तो काय पाहतो? सातबारा. त्यावर शेत दिसतं, शेताच्या मालकाचं नाव दिसतं. लावणी कोणी केली ते दिसत नाही. आणि खाडीचा तर सातबाराच नसतो. चिखलात कंबरेएवढं उतरून तीस वर्षं चिंबोऱ्या पकडणाऱ्या बाईकडे ते काम केल्याचा एक चिठोराही नसतो. सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच. बाईचं काम जमिनीवर असतं, पाण्यात असतं, फक्त कागदावर नसतं. आणि मोबदला कागदाला मिळतो.

त्या भागातल्या लोकांना भांडायची सवय मात्र जुनी आहे, आणि त्याचा फायदा झाला. नवी मुंबई वसवायला १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन घेण्याचं ठरलं. तेव्हा इंग्रजांच्या काळातला १८९४ चा कायदा होता. मोबदला अगदी तुटपुंजा. पनवेल-उरणचे शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या पुढाकाराने लोक रस्त्यावर उतरले, त्यात बायाही मोठ्या संख्येने होत्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दोन दिवसांत झालेल्या पोलिस गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यानंतर सरकारला पटलं की पैसे देऊन मोकळं होणं पुरेसं नाही. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन, रस्ता-पाणी-गटार करून, शेतकऱ्याला परत द्यायची असं धोरण आलं. विमानतळाला त्यांचंच नाव द्यावं म्हणून २०२१ मध्ये हजारो लोक मानवी साखळी करून उभे राहिले आणि २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तसा ठराव केला. त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

विमानतळाच्या वेळी हा आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला, आणि ज्यांचं राहतं घर गेलं त्यांना घराच्या जागेच्या तिप्पट भूखंड देण्याचं ठरलं. ऐकायला छान वाटतं. पण इथे एक हिशेब करून पाहा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबावीस टक्के नऊ गुंठे होतात. त्यातून बागा, शाळा, दवाखाने अशा सुविधांसाठी तीस टक्के कापले जातात. हातात येतात सहा गुंठ्यांच्या थोडे वर, म्हणजे पावणेसोळा टक्के. टक्के सांगणाऱ्याला नेहमी पुढचा प्रश्न विचारायचा: कपात जाऊन माझ्या हातात किती? आणि कधी?

पैसे की भूखंड, यावर माझं मत विचाराल तर भूखंड. रोख पैसा घरात आला की तो कसा जातो ते त्या पट्ट्यात कोणालाही विचारा. एक मोठी गाडी, एक मोठं लग्न, आणि घरी येऊन गोड बोलणारा दलाल. पाच वर्षांनी गाडी जुनी होते. भूखंड निदान जागेवर राहतो. पण भूखंडालाही नाव लागतं, आणि ते नाव कोणाचं, यावर पुढचं सगळं अवलंबून.

जमिनीला सोन्याचा भाव येतो तेव्हा घरातल्या दोन बाया एकदम लोकांच्या डोळ्यांवर येतात. एक बहीण, दुसरी सून. बहिणीला अचानक माहेरचं बोलावणं येतं. साडी-चोळी होते, गोडाधोडाचं जेवण होतं आणि जेवणानंतर हक्कसोडपत्र पुढे येतं. भावाशी वाकडं नको म्हणून ती सही करते. भावाला प्रेमाने द्यायचं असेल तर जरूर द्या, तो तुमचा निर्णय. पण आपण काय देतोय ते कळून द्या. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे. त्या वेळी वडील हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप होऊन गेलेलं असेल तर ते मोडत नाही. आपल्या गटांतल्या मुस्लिम बहिणींचा वाटा त्यांच्या वैयक्तिक कायद्याने ठरतो, पण वाटा त्यांचाही आहेच. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहसा मागे घेता येत नाही. ते वाचून घ्या, आणि वाचता येत नसेल तर तुमच्या बाजूच्या माणसाकडून वाचून घ्या, भावाच्या बाजूच्या नव्हे.

सुनेची गोष्ट वेगळी. नवरा हयात असताना तिचं नाव सातबारावर सहसा नसतंच. आणि नवऱ्याने सोडलेली, माहेरी परत आलेली बाई तर दोन्ही घरांच्या यादीतून गळते. इथे २०१३ चा भूसंपादन आणि पुनर्वसनाचा कायदा कामाला येतो. त्यात ‘कुटुंब’ म्हणजे काय याची व्याख्या आहे, आणि ती आपल्या प्रत्येक गटाला पाठ असायला हवी. विधवा, घटस्फोटित आणि घरच्यांनी टाकलेली बाई, हिचं स्वतंत्र कुटुंब धरायचं, असं तिथे लिहिलेलं आहे. अठरा वर्षांवरची कोणतीही व्यक्ती, मुलगा असो की मुलगी, लग्न झालेलं असो की नसो, तेही स्वतंत्र कुटुंब. म्हणजे पुनर्वसनाची यादी होत असेल तर एका चुलीमागे एकच नाव लिहून चालत नाही.

त्याच कायद्यात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे फक्त जमीनमालक नाही. तीन वर्षं त्या भागात शेतमजुरी करणारे, वाट्याने कसणारे, कारागीर, आणि नदी-खाडी-जंगलावर पोट असणारे, मासे धरणारे सुद्धा त्यात येतात. चिंबोऱ्या विकणारी बाई इथे कायद्यात सापडते. पण तिने तीन वर्षं ते काम केल्याचं दाखवायचं कसं? बाजारकराच्या पावत्या, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व, बचत गटाच्या वहीतली ‘मासळी धंद्यासाठी कर्ज’ अशी नोंद, रोजगार हमीचं कार्ड. आपल्या गटाची वही ही अशा वेळी पुराव्याची वही होते. म्हणून कर्जाच्या नोंदीत नुसतं ‘घरखर्च’ लिहू नका, कामाचं नाव लिहा.

पुनर्वसनात मिळणारं घर किंवा घराची जागा नवरा-बायको दोघांच्या नावावर देता येते, हेही तिथे आहे. देता येते असं म्हटलंय, द्यायलाच हवी असं नाही. म्हणून ते मागावं लागतं. अर्जावरच लिहायचं, नंतर नाही.

आता सावधगिरीची एक गोष्ट. प्रत्येक प्रकल्पाची जमीन याच कायद्याखाली घेतली जाते असं नाही. पुण्याजवळ पुरंदर तालुक्यात विमानतळासाठी सात गावांची जमीन घेण्याचं काम सुरू झालं. अंजीर आणि सीताफळांच्या बागांचा हा भाग. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, मे २०२५ मध्ये ड्रोनने मोजणी करायला आलेल्या पथकासमोर लोक उभे राहिले आणि पोलिसांशी झटापट झाली. तिथे जमीन औद्योगिक विकास महामंडळाच्या स्वतःच्या कायद्याखाली घेतली जातेय. कायदा वेगळा की हरकतीची मुदत वेगळी, सुनावणीची पद्धत वेगळी. २०१३ च्या कायद्यात हरकतीला साठ दिवस मिळतात, दुसरीकडे कमी असू शकतात. म्हणून नोटीस आली की रक्कम बघायच्या आधी पहिली ओळ बघा: कोणता कायदा, कोणतं कलम, हरकत कधीपर्यंत आणि कोणाकडे. नोटीस घरातल्या पुरुषाच्या हातात पडते आणि खिशात जाते. ती गटात वाचली गेली पाहिजे.

विमानतळ झाल्यावर काय, असंही काहींनी विचारलंय. नोकऱ्या असतात: सामान चढवणं-उतरवणं, साफसफाई, तिकीट तपासणी, दुकानं, गोदामं, सुरक्षा. बहुतेक कामं ठेकेदारांमार्फत असतात. मुलीला तिथे पाठवायचं असेल तर दहावी-बारावीच्या दाखल्याइतकीच पोलिस पडताळणी महत्त्वाची, कारण आत जायचा पास त्याशिवाय मिळत नाही. आसपासच्या गावांनाही नियम लागतात. साधारण वीस किलोमीटरपर्यंत उंच इमारत किंवा टॉवर बांधायला विमान खात्याची परवानगी लागू शकते. दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला बंदी, कारण त्यावर पक्षी जमतात आणि पक्षी इंजिनात शिरला की विमान धोक्यात येतं.

आणि बचत गटांसाठी एक छोटी सोय. केंद्र सरकारच्या विमानतळ प्राधिकरणाने २०२२ मध्ये ‘अवसर’ नावाची योजना काढली. प्राधिकरण चालवतं त्या विमानतळांवर गटांना पाळीपाळीने पंधरा दिवस स्टॉल लावायला जागा मिळते. आपल्याकडे पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर हे विमानतळ प्राधिकरणाकडे आहेत. मुंबई आणि नवी मुंबई खासगी कंपन्या चालवतात, ते या योजनेत नाहीत. ज्यांचा मसाला, चटण्या, पापडांचा माल पक्क्या पाकिटात, लेबल आणि खाद्य परवान्यासह तयार आहे त्यांनी चौकशी करायला हरकत नाही.

आता या आठवड्याचं काम. आपापला सातबारा काढा. महाभूलेखवर पाहता येतो, सहीचा डिजिटल उतारा पंधरा रुपयांत मिळतो. उताऱ्यावर मालकाच्या रकान्यात तुमचं नाव आहे का ते पाहा. पुष्कळदा वडील वारले की मुलांची नावं मालक म्हणून लागतात आणि मुलींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकलली जातात. तसं दिसलं तर तो फेरफार क्रमांक लिहून घ्या आणि तलाठ्याकडून, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडून, त्या फेरफाराची नक्कल मागा. लिहिण्यातली चूक असेल तर महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. चूक नसून मुद्दाम तसं केलेलं असेल तर प्रांताकडे अपील. आणि नवऱ्याची तयारी असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत, जी १९९२ पासून आहे, त्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाराला लागतं. त्याला मुद्रांक शुल्क नाही. हा अर्ज नोटीस यायच्या आधी करायचा असतो. नोटीस आल्यावर नावं लावणं फार अवघड जातं.

उतारा घेऊन पुढच्या बैठकीला या. ज्यांना ‘इतर हक्क’ सापडेल त्यांनी फेरफार क्रमांक आपल्या केंद्रावर लिहून कळवा, त्या नंबरांवर आपण पुढच्या भागात बोलू.